कुठली शाळा?

गेल्या वर्षी गणपतीत मी एका बाईंना एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही. शिकागोच्या पश्चिमेकडच्या आमच्या उपनगरातल्या हॉलमध्ये आरती नुकतीच आटोपली होती, कापराचा वास अजून रेंगाळत होता, दाराशी चपला-बुटांच्या ढिगात मुले आपापले जोड शोधत होती आणि वाढपाची लगबग सुरू झाली होती. रांगेत माझ्या पुढे त्या उभ्या होत्या. मूळच्या कोल्हापूरकडच्या, पती रुग्णालयात नोकरीला, मुलगी हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे नववीत, आणि घर खुद्द शिकागो शहरात. मी अगदी सहज विचारले, "अहो, शहरात राहता? मग मुलीच्या शाळेचं काय?" त्या म्हणाल्या, "शाळा आहे ना. घरापासून चालत सात मिनिटं." मुलगी शेजारीच उभी होती. तिने मोदकाचे नाक मोडून त्यात तूप सोडले होते. माझा प्रश्न ऐकल्यावर तिने तो मोदक तसाच कागदी ताटलीत ठेवला, ताटली दोन्ही हातांनी धरली आणि रांग पुढे सरकेपर्यंत मान वर केली नाही.

मी विचारायला हवे होते, "कुठली शाळा?" मी विचारले, "शाळेचं काय?"

या दोन प्रश्नांमधला फरक आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. बारा वर्षांपूर्वी आम्ही घर शोधत होतो तेव्हा संकेतस्थळावर प्रत्येक घराच्या छायाचित्रांखाली शाळेचा आकडा दिलेला असे, एक ते दहा. नऊ दिसला की आम्ही घर बघायला जात होतो, पाच दिसला की पुढचे पान उघडत होतो. स्वयंपाकघर अंधारे आहे, तळघरात ओल येते, या गोष्टींवर आम्ही तडजोड केली. आकड्यावर केली नाही. त्या शाळेच्या इमारतीत मात्र घर घेण्यापूर्वी आम्ही दोघांपैकी एकानेही पाऊल ठेवले नव्हते. तिथले गणिताचे शिक्षक कसे आहेत, मुलांच्या निबंधांवर कुणी काही लिहून देते की नाही, वर्गात प्रश्न विचारलेला चालतो का, यांतले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते. त्या आकड्याचा मोठा भाग राज्याच्या परीक्षांतल्या गुणांवरून ठरतो आणि ते गुण बऱ्याच अंशी मुलांच्या घरच्या परिस्थितीबरोबर वरखाली होतात, हे मला फार उशिरा कळले. आम्ही मोजले ते शेजाऱ्यांचे उत्पन्न आणि त्याला शाळेची गुणवत्ता असे नाव दिले.

दर मे महिन्यात मालमत्ता कराचे बिल येते. जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत तो भरायचा असतो. बिलावर गाव, वाचनालय, उद्यान, अग्निशमन अशा एकेका खात्याची ओळ असते आणि शाळेची ओळ सर्वांत मोठी, निम्म्याहून अधिक रकमेची. ते बिल मी पूर्वी तक्रारीच्या सुरात वाचत असे. अलीकडे निराळ्या नजरेने वाचते, कारण या देशात शाळांना पैसा कसा मिळतो हे त्या एका कागदावर जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र कुठेही दिसत नाही. आमच्या इलिनॉय राज्यात साडेआठशेच्या आसपास शालेय जिल्हे आहेत. शिकागोचा एकटा जिल्हा तीन लाखांहून अधिक मुलांचा, तर उत्तरेला मिशिगन सरोवराकाठच्या श्रीमंत गावांसाठी असलेला न्यू ट्रायरचा जिल्हा एकाच हायस्कूलचा, सुमारे चार हजार मुलांचा. प्रत्येक जिल्हा आपल्या हद्दीतल्या घरांवर आणि दुकानांवर कर बसवतो, म्हणून ज्या हद्दीत घरे महाग तिथे कराचा दर कमी ठेवूनही शाळेची तिजोरी भरते. शिकागोच्या दक्षिणेला हार्वी आणि डॉल्टन ही गावेसुद्धा उपनगरेच आहेत. तिथले लोक आमच्याहून कितीतरी चढ्या दराने कर भरतात आणि घरांना किंमत नसल्यामुळे त्यांच्या शाळांच्या हाती त्या मानाने थोडेच येते. शहरातली शाळा वाईट आणि उपनगरातली चांगली, हे आमच्या मंडळींचे वाक्य हार्वीपाशी पोचले की उभे राहू शकत नाही.

या हद्दी पाऊसपाण्यासारख्या आपोआप आलेल्या नाहीत. १९७३ साली टेक्ससमधल्या रॉड्रिगेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि मालमत्तेवर आधारलेली ही विषम व्यवस्था घटनाबाह्य ठरत नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, न्यायालयाने असा निर्णय दिला की शहरातल्या शाळांमधली वांशिक विभागणी मोडण्यासाठी आसपासच्या उपनगरांना, त्यांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज, त्या योजनेत ओढता येणार नाही. आमच्यासारखी कुटुंबे इथे आली तेव्हा या रेषा आखून तयार होत्या. आम्ही फक्त चौकशी करून योग्य बाजूला घर घेतले आणि त्याला मुलांसाठी केलेला त्याग म्हणू लागलो.

२ सप्टेंबर २००८ या दिवसाबद्दल मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यावरच विचार करत बसले होते. शाळेचा पहिला दिवस होता. राज्याचे सिनेटर जेम्स मीक्स यांच्या पुढाकाराने शिकागोतल्या हजाराहून अधिक मुलांनी आपापल्या शाळांवर बहिष्कार टाकला आणि बसगाड्या भरून ती मुले न्यू ट्रायरच्या नॉर्थफील्ड इथल्या आवारात गेली. तिथे त्यांनी रांगेत उभे राहून प्रवेशाचे अर्ज भरले. न्यू ट्रायर तेव्हा एका मुलामागे वर्षाला सुमारे १७ हजार डॉलर खर्च करत होते आणि शिकागो सुमारे १० हजार. मुले त्या हद्दीत राहत नव्हती, त्यामुळे प्रवेश मिळणार नाही हे सर्वांनाच ठाऊक होते. तरी त्यांनी नाव, पत्ता, इयत्ता हे सारे रकाने भरले. राज्याने २०१७ मध्ये नवा कायदा करून नव्या पैशाचा मोठा वाटा सर्वांत कमी साधने असलेल्या जिल्ह्यांकडे वळवला आणि शिकागोचा मुलामागचा खर्चही त्यानंतर वाढत गेला. तो कायदा मला या राज्याने केलेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक वाटतो. पण पत्त्याच्या रकान्यात शहरातला पत्ता लिहिणाऱ्या त्या मुलांचे चित्र मनातून जात नाही.

माझी स्वतःची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. शाळेत रसायनांचे एक कपाट होते आणि त्याची किल्ली कारकुनांकडे असे. वर्षातून तीनचार वेळा विज्ञानाच्या बाई ते कपाट उघडवून घेत आणि एकच परीक्षानळी, एकच चंचुपात्र घेऊन वर्गात येत. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधी होते, हे आम्ही पन्नास मुलामुलींनी एका नळीत पाहिले. मागच्या बाकांवरच्यांना दिसावे म्हणून बाई ती नळी हातात उंच धरून दोन रांगांमधून सावकाश चालत शेवटपर्यंत गेल्या होत्या. गणिताचे सर मात्र असे होते की उदाहरण सुटले तरी ते थांबत नसत. "आता दुसऱ्या वाटेनं सोडव," म्हणत आणि दुसरी वाट सापडेपर्यंत फळ्यापाशी उभे करत. दहावीच्या निकालानंतर पुण्यातल्या शाळांतल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत असत. आमच्या शाळेचे नाव कधी छापून आले नाही.

अकरावीला पुण्याला आले. पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझ्या हातात पिपेट दिली आणि ती कशी धरतात हे मला येईना. वरच्या तोंडावर बोट दाबून द्राव अडवून धरायचा असतो हे मी कधी पाहिलेच नव्हते. प्रात्यक्षिकाच्या सरांनी जवळ येऊन विचारले, "कुठली शाळा?" मी नाव सांगितले. ते "हं" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण त्या "हं"मध्ये माझी दहा वर्षे बसली होती, ती नळी उंच धरून चालणाऱ्या बाई बसल्या होत्या. शेजारच्या मुलीने मला बोट कसे ठेवायचे ते दाखवले आणि आठवडाभरात मला जमू लागले. गणितात मी दिवाळीपर्यंत वर्गात पुढे होते. पिपेट न येणे हीसुद्धा माझी शाळा होती आणि दुसरी वाट शोधणे हीसुद्धा, हे त्या सरांना कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. गणपतीतल्या त्या रांगेत मी तेच केले होते.

नोव्हेंबरमध्ये मी त्या बाईंना फोन केला. त्यांच्या मुलीच्या शाळेत पालकांसाठी संध्याकाळी शाळा खुली असते असे त्या बोलता बोलता म्हणाल्या आणि मी विचारले, "मी आले तर चालेल का?"

शाळेच्या दारात धातुशोधक यंत्र आहे. पर्स उघडून दाखवावी लागली. त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला हे मी लपवणार नाही. आपली मुलगी रोज सकाळी यातून आत जाते ही कल्पना कुठल्याही आईला सोपी नाही. ती मुलगी मात्र पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलून पुढे झाली आणि मला जिन्याने तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. रसायनशास्त्राच्या वर्गाच्या दाराला आतून, कपाटात चपला ठेवायला टांगतात तसली कप्प्यांची कापडी पट्टी लटकवलेली होती. प्रत्येक कप्प्यात एकेक ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणि प्रत्येकावर लाल नेलपॉलिशने काढलेला क्रमांक. एकचे पॉलिश खरवडून गेले होते, सातावर कुणीतरी छोटेसे फूल काढले होते. शिक्षिका म्हणाल्या की तास संपला की त्या दारात उभ्या राहतात, मुले आपापला कॅल्क्युलेटर आपापल्या कप्प्यात ठेवतात आणि सर्व कप्पे भरल्याखेरीज वर्ग सुटत नाही. माझ्या मुलाकडे त्याच कॅल्क्युलेटरचे दोन नग आहेत, कारण एक सापडेना म्हणून आम्ही दुसरा आणला आणि नंतर पहिलाही सापडला.

मग तिने तिची प्रयोगवही दाखवली. पानांच्या समासात हिरव्या शाईने शिक्षिकेने लिहिलेले होते, दर पानावर तीनचार ठिकाणी. एका निष्कर्षाखाली लिहिले होते, हे तू पाहिलेस की तुला असे वाटले? त्याखाली मुलीने पेन्सिलीने उत्तर लिहिले होते, ते खोडून पुन्हा लिहिले होते, आणि त्याखाली पुन्हा हिरव्या शाईत आणखी एक प्रश्न होता. मी ती वही उभ्या उभ्या वाचत राहिले. माझ्या मुलाच्या शाळेतली प्रयोगशाळा या वर्गाच्या तिप्पट आहे, तिथे धूर ओढून घेणारी कपाटे आहेत, सव्वीसच्या वर एपी, म्हणजे महाविद्यालयाच्या पातळीचे, विषय आहेत, पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याच्या इंग्रजीच्या शिक्षिकेसारखी शिक्षिका मला जन्मात मिळाली नाही. मी त्या शाळेची मनापासून ऋणी आहे. पण त्याच्या रसायनाच्या अहवालावर पडद्यावर गुण उमटतात, वीसपैकी अठरा, आणि समास कोरा असतो.

घरी येऊन मी वाचायला बसले आणि बरेच आठवडे वाचत राहिले. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी हायस्कूलांवर अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली आणि जेमतेम खाली राहून बाहेर उरलेली मुले यांची तुलना केली. दोघांच्या तयारीत प्रवेशाआधी जवळपास फरक नव्हता आणि पुढच्या परीक्षांतल्या गुणांतही फारसा फरक पडला नाही. शिकागोतही वॉल्टर पेटन, नॉर्थसाइड, व्हिटनी यंग, लेन टेक अशा अकरा निवडक शाळा आहेत; सातवीतले गुण आणि प्रवेशपरीक्षा यांवर तिथल्या जागा ठरतात आणि त्यासाठी शहरातल्या घराघरांत होणारी घालमेल आपल्याकडच्या बारावीच्या वर्षाची आठवण करून देते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधकांना या शाळांबाबत २०१८ मध्ये जवळपास तेच आढळले: तिथल्या मुलांना शाळा अधिक सुरक्षित वाटते, शिक्षकांविषयी ती अधिक विश्वासाने बोलतात, पण परीक्षेतल्या गुणांत शाळेने घातलेली भर नगण्य दिसते. हुशार मुले गोळा केली की शाळेचा निकाल हुशार दिसतो. निवड परीक्षेने झाली काय किंवा घराच्या किमतीने झाली काय, निकालाच्या बाबतीत परिणाम सारखाच होतो.

उलट बाजूची नोंद मला अधिक महत्त्वाची वाटली. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की २००९ ते २०१४ या काळात शिकागोच्या सरकारी शाळांतली मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतके शिकली आणि हा वेग देशातल्या बहुतेक सर्व जिल्ह्यांपेक्षा जास्त होता. सरासरी गुण पाहिले तर शिकागो राष्ट्रीय सरासरीच्या खाली होते. मुले मागून निघाली आणि वेगाने चालली. याच शहराच्या शाळांना १९८७ साली देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी देशातल्या सर्वांत वाईट शाळा म्हटले होते, आणि ते विशेषण आमच्या ओट्यांपर्यंत, आमच्या गणपतीच्या रांगांपर्यंत तसेच टिकून राहिले. मूल कुठे पोचले ते सगळेच विचारतात. कुठून निघाले होते ते विचारायला घर घेताना मला सुचले नाही.

शिवाय आमच्या आकड्यात शाळेचा वाटा किती आणि आमचा किती, हेही मला आता सांगता येत नाही. आमच्या घराजवळच्या दुकानांच्या एका रांगेत किराणा, केशकर्तनालय आणि गणिताच्या तीन शिकवण्या आहेत. रात्री नऊला तिथल्या वाहनतळावर जागा मिळत नाही. माझा नवरा शनिवारी सकाळी मुलाला भौतिकशास्त्र शिकवतो, मी त्याच्या निबंधांवर बसते, आणि शेवटी जे गुण येतात ते शाळेच्या नावावर जमा होतात. मुलगा रात्री दीडला झोपतो. पाच एपी विषय घेऊ नकोस असे मी म्हणाले तेव्हा तो म्हणाला, "आई, सगळे घेतात." तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला दिसतात आणि तरीही मी त्याचा पाचवा विषय रद्द करायला गेले नाही.

शहरातल्या शाळेला काय भोगावे लागते हे त्या संध्याकाळी निघताना शिक्षिकेने सांगितले. तिथे आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलरिएट या आंतरराष्ट्रीय पदविकेचा, अभ्यासक्रम आहे. शिकागोने १९९७ पासून वस्तीतल्या साध्या हायस्कूलांत तो सुरू केला, आणि तो पूर्ण करणाऱ्या मुलांची, त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा, चार वर्षांच्या महाविद्यालयात जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी अधिक असते, असे २०१२ च्या अभ्यासात आढळले होते. म्हणजे उत्तम शिक्षण त्या इमारतीत देता येते हे सिद्ध झालेले आहे. पण वस्तीतली मुले निवडक शाळांकडे, खाजगी शाळांकडे, उपनगरांकडे जातात आणि पट घसरतो. काही हायस्कूलांचा पट तर शंभराच्याही खाली गेला आहे, तर लेन टेकमध्ये चार हजारांवर मुले आहेत. अनेक वर्षे पैसा विद्यार्थ्यामागे मोजून दिला जात होता, म्हणून पट घसरला की शिक्षक कमी होत, शिक्षक कमी झाले की विषय बंद होत, आणि विषय बंद झाले की उरलेल्यांतले आणखी पालक निघून जात. "पुढच्या वर्षी रसायनाच्या वरच्या वर्गाला चौदाच नावं आली आहेत," शिक्षिका म्हणाल्या. "वीस झाली तरच तुकडी मिळेल." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितले नाही. कप्प्यांतले कॅल्क्युलेटर मोजत मोजत सांगितले. चौदाला सहा कमी पडत होते, आणि शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलेल्या आम्हा सर्वांची मुले त्या सहांत धरता आली असती, हा विचार महामार्गावरून परत येताना माझ्या बरोबर होता. तरीही मला आज कुणी विचारले की घर विकून शहरात जाशील का, तर मी नाही म्हणेन. मुलाचे शेवटचे वर्ष आहे. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी आहे आणि एकाने दुसरे मिटत नाही.

यंदा गणपतीला त्या दोघी आल्या. मुलगी बरीच उंच झाली आहे. वाढपाला यंदा मी होते. ती ताटली घेऊन समोर आली आणि मी तिच्या ताटलीत दोन मोदक ठेवले. तिच्या मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी विचारले, "कुठल्या शाळेत गं तू?" तिने नाव सांगितले. काकूंना ते नाव ठाऊक नव्हते, त्यांनी प्रश्नार्थक नजरेने माझ्याकडे पाहिले, आणि मी काही बोलण्याआधीच ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, एकवीस नावं झाली. तुकडी मिळाली आम्हाला." मी तिच्या मोदकावर तूप वाढले आणि मग काकूंना त्या शाळेतल्या रसायनाच्या बाईंबद्दल सांगू लागले.